पोटाच्या दुखण्याला कंटाळून

माय, तुझं पोट दुखत होतं असं मी पोलीस जमादाराला लिहून दिलं, त्याला बारा वर्षं झाली. लिहून देताना ते खोटं आहे अशी माझी खात्री होती. तू मला चौथीपर्यंत शाळेत पाठवलंस म्हणून अंगठ्याची गरज पडली नाही, त्या खोट्याखाली मी सही केली, चांगली ठसठशीत. आज वही घेऊन बसले तर हाताला शाळेतली भाषा येते आहे, तोंडातली येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मोठी मास्तरीण लागून गेली वं." लागून गेले म्हण. जे सांगायचं आहे ते बोलून सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी तुला एकशेआठच्या गाडीतून चांदूर रेल्वेवरून अमरावतीला नेलं, आणि मी अकोल्याहून एसटीनं निघाले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली असताना भावाचा फोन आला, "ताई, आता घाई नको करू." एवढंच म्हणाला. पुढचा सगळा रस्ता मी कंडक्टरशी भांडले, गाडी हळू का चालवता म्हणून. अमरावतीला दवाखान्याच्या मागच्या बाजूला पीएमची, चिरफाडीची खोली, तिच्यापुढे टिनाचं शेड, आणि शेडखाली तुझा लेक गुडघ्यात डोकं घालून बसलेला. तुझी सून जरा लांब, भिंतीला टेकून उभी. जमादार मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहीत होता. मला म्हणाला, "तुमी कोण लागता?" मी म्हटलं, "लेक." "बुढीले काही दुखणं-फिकणं होतं का?" मी भावाकडे पाहिलं, भावानं जमिनीकडे पाहिलं. जमादार वाईट माणूस नव्हता. पेनाचं टोपण तोंडात धरून म्हणाला, "पोटाच्या दुखण्याले कंटाळून, असं लिहू का? सारे तेच सांगतात. कोणाचं नाव येत नाई, काही नाई. बॉडी लवकर भेटते." भाऊ म्हणाला, "लिहा साहेब." मग जमादारानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "लिहा."

हे झालं कागदावरचं बयान. अंगणातलं मी वेगळं दिलं. तुला मातीत ठेवून आलो, विहारातून माणसं परतली, बाया अंगणात बसल्या, आणि त्या सगळ्या बायांपुढे मी तुझ्या सुनेकडे हात करून म्हटलं, "हिनं मारलं माह्या मायले. उपाशी ठेवून ठेवून मारलं." तुझी सून चुलीपुढे बसली होती, तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. मला वाटलं, पाहा, उत्तर नाही हिच्याकडे. त्या दिवसापासून मी तिच्या घरचं पाणी प्यायले नाही. भावाच्या लेकीच्या लग्नाला आले, मांडवात बसले, तुझी सून ताट घेऊन आली तर ताट बाजूला सारून उठले आणि परतीची गाडी धरली. लोकांनी पाहिलं. लोकांनी पाहावं म्हणूनच केलं होतं.

मी कशावरून म्हणत होते ते तुला माहीत आहे. कण्यांवरून. तू जाण्याच्या दीड महिना आधी मी एका रविवारी गावाला आले होते, न सांगता. घरात वांग्याची भाजी झाली होती, भाकरी थापून ठेवल्या होत्या, ठेचा होता, आणि तुझ्यापुढे जर्मनच्या वाटीत पातळ कण्या. ताकातल्या, इतक्या पातळ की वाटीचा तळ दिसत होता. तू बोटानं कालवत बसली होतीस. माझं डोकंच फिरलं. मी दारातूनच ओरडले, "काहून वं, मायले कुत्र्यासारखं पातळ कालवून देतं, अन् तुमी भाकरी खाता?" शेजारची दोन घरं बाहेर आली. तुझी सून म्हणाली, "ताई, भाकर उतरत नाई वो त्याइच्या गळ्याखाले." मी म्हटलं, "उतरत नाई का तू उतरू देत नाई?" तू माझ्याकडे पाहिलंस, मग तिच्याकडे पाहिलंस, आणि वाटी जवळ ओढून घेतलीस. तुझे खांदे किती उतरले होते ते मी पाहिलं. दोन्ही खांद्यांची हाडं पोलक्यातून वर आली होती. मी ते पाहिलं आणि त्याचा हिशेब तुझ्या सुनेच्या नावावर लावला. जाताना तू माझ्या पिशवीत मुंगवड्यांचा डबा टाकलास. म्हणालीस, "औंदा कमी झाल्या. गच्चीवर चढणं होत नाई." मी म्हटलं, "कोणी सांगतलं होतं करायले." असंच बोलत आले मी तुझ्याशी.

आणि तिसरं, जे ना कागदावर आलं ना अंगणात. तुझा फोन. तू जाण्याच्या आठ दिवस आधी तू सुनेच्या मोबाइलवरून फोन केलास. मला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात लागून तेव्हा चारच महिने झाले होते, ठेकेदाराकडून, बाहेरच्या रुग्णांच्या इमारतीत झाडू-पोछा. फरशी ओली, मुकादम बाई डोक्यावर उभी, आणि फोन वाजला. "बोल वो माय, लवकर बोल," मी म्हटलं. तू म्हणालीस, "तुहा दवाखाना लय मोठा आहे म्हणतात." "कायचा मोठा. पुसता पुसता कंबर जाते." "मले घेऊन जातं का तिकडे? चार रोज." "आता? खोली केवढी आहे तुले माहीत नाई का? दसरा होऊ दे, मंग पाहू." "बरं. तिथी बायाइले पाहाले बाया डॉक्टर असतात का?" "असतात. तुले काय करायचं?" "काई नाई. बरं." तेवढ्यात फोन कटला. दसऱ्याला वीस-बावीस दिवस होते. वावरात फवारायला म्हणून भावानं आणून ठेवलेलं औषध घराच्या कोपऱ्यात होतं, आणि तू दसऱ्यापर्यंत थांबली नाहीस.

मी धरून चालले की तू सुनेला कंटाळून माझ्याकडे राहायला येऊ म्हणत होतीस, आणि मी नाही म्हटलं. म्हणजे अर्धा खून तिचा, अर्धा माझा. तिचा अर्धा मी गावभर सांगितला. माझा कोणाला सांगितला नाही.

दोन वर्षांनी आमच्याच दवाखान्यातल्या पीएमच्या खोलीत माणूस पाहिजे होतं. कोणी बाई तयार होईना. मुकादम म्हणाली, "तिथी नाक दाबून काम करा लागते." मी म्हटलं, मी जाते. का ते मला नीट सांगता येणार नाही. अमरावतीला त्या दाराबाहेर दोन तास उभी होते, आत तुझं काय करून राहिले ते मला दिसलं नव्हतं, ते पाहायचं होतं बहुतेक. आता दहा वर्षं झाली. फरशी धुते, मेज धुते, उचलायला हात लावते. पोटातलं काढून तपासायला पाठवतात, त्या बरण्यांत मिठाचं पाणी भरून ठेवणं माझं काम. मीठ इतकं घालायचं की ते विरघळायचं थांबतं आणि तळाला बसतं. पहिल्यांदा ढवळत होते तेव्हा तुझी लोणच्याची बरणी आठवली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी घरी जेवताना वरून मीठ घेतलं नाही. मग झाकणाला कापड, कापडाला दोरा, दोऱ्यावर लाख. लाख मी मेणबत्तीवर छान वितळवते, थेंब इकडेतिकडे पडू देत नाही. हातानं काम करायचं ते नीट करायचं, हे तुझंच.

औषध घेतलेली म्हातारी माणसं येतात आमच्याकडे. पिकलेल्या केसांची, सुरकुतलेल्या हातांची, बाया-माणसं दोन्ही. मला पहिल्यांदा दया येत नाही, माय, राग येतो. एवढं वय काढलं, एवढी पोरं वाढवली, तर एक शब्द तोंडातून काढायला काय झालं होतं? असं मनातल्या मनात भांडते मी त्यांच्याशी, फडकं पिळता पिळता. मग आठवतं की काढला असेल शब्द. चार रोज घेऊन जातं का, असा काढला असेल.

आणि बाहेर शेडखाली दर वेळी तेच वाक्य. पोटाच्या दुखण्याला कंटाळून. जमादार बदलले, साहेब बदलले, वाक्य तेच. या सगळ्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांचं पोट एकाच वेळी दुखायला लागलं की काय, असं मी एकदा म्हटलं तर सगळे हसले. मी हसण्यावारी म्हटलं नव्हतं. लहानपणी भाऊ शाळेला जायच्या वेळी पोट धरून रडायचा तेव्हा मी म्हणायचे, नाटकं करून राहिला. तू एकदा फुंकणीनं माझ्या पाठीत ठेवून दिलीस आणि म्हणालीस, "पोट त्याचं आहे का तुहं?" दुपारी त्याला हगवण लागली. ती फुंकणी लक्षात राहिली, पण बोलणं डोक्यात शिरलं नाही.

गेल्या वर्षी एक मॅडम आल्या. डॉक्टर आहेत, कोल्हापूरकडच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांचं काम असं, की साठीच्या पुढचं कोणी औषध घेऊन आलं की घरच्यांशी बसून बोलायचं. झोप लागायची का, जेवण कसं होतं, कुठलं दुखणं होतं, आधी कोणाला काही बोलले होते का. पण त्यांची भाषा तशी, आमच्या माणसांची अशी. "त्यांची मनःस्थिती कशी होती?" असं विचारलं की आमची बाई म्हणणार, "बरी होती." म्हणून मला सोबत बसवतात. मी विचारते, "बुढा सकाळी उठून अंगणात बसे का खाटेवरच पडून राहे?" मग बोलतात. मॅडम म्हणतात, "मावशी, तुम्ही फार तोडून विचारता." पण लिहून घेतात.

या उन्हाळ्यात बाळापूरकडून एक म्हातारा आला. शिंपी होता. सोबत लेक आणि त्याची बुढी, नऊवारी पातळातली, हाडांची काडी. जमादारानं कागद काढला आणि सवयीनं म्हणाला, "लिहू मंग, पोटाच्या दुखण्याले कंटाळून?" लेक म्हणाला, "लिहा." तेवढ्यात बुढी म्हणाली, "पोट चांगलं होतं त्याइचं. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. डोळे गेलते." जमादार म्हणाला, "आजी, डोळ्याचं काय लिहा लागते याच्यात?" ती म्हणाली, "सुईत दोरा जाये नाई. मी ओवून देवो तं सुई फेकून देत. म्हणे, आता तू ओवून देशीन अन् मी शिवीन? मशीन झाकून ठेवली त्याइनं. झाकलेल्या मशीनपाशी बसून राहत." लेक म्हणाला, "माय, चूप बस ना." मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "साहेब, लिहा ना डोळे. तुमच्या पेनाले काय होते?" जमादार माझ्याकडे वळला, "मावशी, तू तुहा झाडू मार." "मारला. आता तुमी लिहा." तो हसला, पण लिहिलं त्यानं. बुढीनं विचारलं, "लिहिलं का डोळे?" त्यानं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, जसं काही नवऱ्याचं मोठं काम झालं. मग मला म्हणाली, "डोळ्याचं आपरेशन होते म्हणतात ना वो बाई? फुकट होते म्हणतात." मी म्हटलं, होते.

दुपारी चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "मावशी, आज एवढ्या चिडलात कशाला?" दहा वर्षांत मी तिथे कोणाला तुझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, माझी मायही अशीच गेली आणि मीच लिहून दिलं, पोट दुखत होतं म्हणून. खोटं लिहून दिलं. मॅडमनी विचारलं, "खोटं कशावरून?" मी म्हटलं, "कशावरून म्हणजे? सारेच खोटं सांगतात." त्या म्हणाल्या, "पीएमचा कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद होता. भाऊ फाडून टाकतो म्हणत होता, मी त्याच्या हातातून ओढून घेतला होता आणि लोखंडी पेटीत तुझ्या पांढऱ्या लुगड्याखाली ठेवला होता. पौर्णिमेला विहारात नेसून जायचीस ते. कागद इंग्रजीत. दहा वर्षं मी अशाच कागदांच्या शेजारी काम करते, दहा डॉक्टर ओळखीचे झाले, पण तो वाचून घ्यायची छाती झाली नाही. खरं सांगते. मला भीती होती की पोट चांगलं निघेल. कधी कधी, तुझी आठवण फार आली की, मी स्वतःला म्हणायचे की कोण जाणे, दुखतही असेल. कागदात "पोट निरोगी" असं आलं असतं तर तेवढीही जागा राहिली नसती. मग उरला असता फक्त तो फोन.

दुसऱ्या दिवशी मी कागद नेला. घड्यांवर फाटत आला होता. मॅडमनी मेजावर पसरला, बोट ठेवून ठेवून वाचला आणि मध्येच थांबल्या. "मावशी, आईला जेवल्यावर उलट्या व्हायच्या?" मी म्हटलं, माहीत नाही, मी जवळ नव्हते. "जेवण कमी झालं होतं?" "पातळच खाये." "भाकरी?" "उतरत नाई म्हणत." हे बोलताना तुझ्या सुनेचं वाक्य मी तुझ्या सुनेच्याच आवाजात बोलले, मला ऐकू आलं ते. "अंग उतरलं होतं?" खांद्यांची हाडं, मी म्हटलं. मॅडमनी कागद माझ्याकडे वळवला, जसं काही मला वाचता येणार होतं, आणि एका ओळीखाली नख ठेवलं. "जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ लिहिली आहे. मोठ्या लिंबाएवढी. अन्न पुढे जायचा रस्ताच तिनं अडवला असणार. घन काही खाल्लं की दुखत असणार. खूप दुखत असणार."

मी काय बोलावं? मी भांडले. दुसरं मला काय येतं? म्हटलं, "मंग तवाच काहून नाई सांगतलं कोणी? एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोणाले तोंड नोतं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कोणी विचारलं होतं का, मावशी? औषधानं गेल्या एवढं कळलं की घरचे पुढचं ऐकत नाहीत. तुम्ही रोज पाहता." रोज पाहते. मग मी विचारलं, "म्हणून पिली का ती?" त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. माणूस कशानं गेला ते मी सांगू शकते, काय मनात धरून गेला ते नाही. दुखत होतं, एवढं मात्र पक्कं." "वेळेवर आणलं असतं तं?" त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला. "गाठीचं आज काय सांगू? दुखणं मात्र कमी करता आलं असतं. गोळीनं झोप लागली असती." त्या दिवशी मी मेज दोनदा धुतलं.

आता मला तुझा फोन पहिल्यापासून ऐकू येतो. तुहा दवाखाना लय मोठा आहे म्हणतात. बायाइले पाहाले बाया डॉक्टर असतात का. तू राहायला येणार नव्हतीस, माय. तू दाखवायला येणार होतीस. पुरुष डॉक्टरपुढे पोट उघडं करायची तुला लाज, म्हणून आधी विचारून घेत होतीस. आणि मी फरशीच्या ओलीकडे पाहत होते.

पुढच्या रविवारी मी चांदूर रेल्वेला उतरले आणि गावाची गाडी धरली. कागद पिशवीत. अंगणात तुझी सून तुरीची डाळ पाखडत होती. केस पांढरे झाले आहेत तिचे. शेजारची ती बाई, जी कण्यांच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आली होती, भिंतीवरून म्हणाली, "जयभीम वो. आज इकडे कशी रस्ता चुकली?" तुझी सून उठली. पाणी आणू का असं तिनं विचारलं नाही, बारा वर्षांत तिनंही विचारणं सोडलं आहे. मी उंबऱ्याच्या बाहेरच बसले आणि मोठ्यानं बोलले, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण ती गोष्टही मी तेवढ्याच मोठ्यानं केली होती. म्हटलं, "मायच्या पोटात गाठ होती. लिंबाएवढी. कागदात लिहिली आहे, डॉक्टरनं वाचली. भाकर उतरतच नोती तिच्या गळ्याखाले. हे बाई खरं बोलत होती अन् मी खोटी." भिंतीवरची बाई म्हणाली, "अगं बाप्पा." आणि तिथेच उभी राहिली, एकही शब्द सुटू नये म्हणून.

मला वाटलं होतं तुझी सून रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मले माहीत होतं दुखते ते. तांब्यात ऊन पाणी घेऊन पोटाशी धरून बसत. कोणाले सांगू नको म्हणत." "मंग मले काहून नाई सांगतलं?" "सांगतलं ना. तुमी आयकलं का?" बस, एवढंच. बारा वर्षांचं एवढंच. मग मी विचारलं, "कण्या करतं का?" "कोणाले?" "मले." ती आत गेली. मी अंगणात बसून राहिले. फवारणीची औषधं आता बाहेर गोठ्याशेजारी लोखंडी पेटीत, कुलपात असतात, पेटीवर भावानं खडूनं फुली मारली आहे. तू गेल्यावर आठ दिवसांत त्यानं ती आणली म्हणे. मी कधी या अंगणात टेकलेच नाही, तर मला कुठून दिसणार?

कण्या आल्या. जर्मनच्याच वाटीत, तीच वाटी असेल किंवा दुसरी असेल. मी दोन घास खाल्ले, आणि ती समोर बसून म्हणाली, "त्याइनं तुमाले फोन केलता ना, माह्याच मोबाइलवरून. आठ दिवस आधी. मी वावरात होती. काय म्हणे?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती, माय. खरंच विचारत होती. बारा वर्षं तिला वाटत आलं असेल की तू फोनवर तिच्याबद्दल काही बोललीस आणि म्हणून मी अंगणात तसं बोलले. भिंतीवर ती बाई होतीच. मी म्हटलं, "काई नाई. सहजच केलता. दसऱ्याले ये म्हणे." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वाटीत आणखी एक पळी घातली. कण्यांत मीठ नव्हतं. विसरली असेल, किंवा तुला करायची तशाच केल्या असतील. मी मागितलं नाही. सगळ्या खाल्ल्या, बोटानं वाटी पुसून घेतली.

फोनचं तिला जे सांगितलं, ते माझं अंगणातलं दुसरं बयान. याच्यावर सही नाही. कागदावरच्या बयानात मी खरं लिहून दिलं, खोटं समजून. या अंगणातल्यात खोटं बोलले, आणि हे खोटंच आहे. ही वहीची पानं मी फाडून तुझ्या लुगड्याखाली त्याच कागदाजवळ ठेवीन. तुझ्या सुनेला वाचता येतं, दहावी झालेली आहे. खरं तर हे सगळं तिलाच लिहायला पाहिजे होतं. तुला लिहिणं सोपं आहे, तू उलटून विचारत नाहीस.

एक दुरुस्ती करते आणि थांबते. वर मी लिहिलं की तेवढ्यात फोन कटला. खोडणार नाही, राहू दे तसंच, पण तुला माहीत आहे. तू अजून काही तरी बोलत होतीस, आणि मी बटण दाबलं.